सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन, ॲलर्जीच्या या दोन्ही गोळ्या वापरून झाल्यावर

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरची धूळ आणि माझ्या शिंका हे ठरलेलंच, एकामागोमाग पंधरा-वीस, नाकातून पाणी, डोळे चोळून चोळून लाल. बरीच वर्षं सेटिरिझिन १० मिलिग्रॅम घ्यायचे, दिवसाला एकच, तासाभरात शिंका नि खाज कमी होते आणि स्वस्त पण आहे, पण मला जाम पेंग येते, एकदा सकाळी घेऊन स्कूटी काढली आणि सिग्नलला डोळे मिटायला लागले, खरंच घाबरले. आता ती फक्त रात्री.

मग डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन १२० दिली. ऑफिसच्या दिवसांसाठी हीच बेस्ट, मला झोप अजिबात येत नाही. फक्त साध्या पाण्याबरोबर घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर औषध अंगात नीट शोषलंच जात नाही. चोंदलेल्या नाकावर मात्र दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

एक कळकळीने सांगते, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आधीच असतं, माझी आई ती घेऊन वर सेटिरिझिन पण घ्यायची, म्हणजे दोन दोन ॲलर्जीची औषधं आणि दिवसभर गुंगी, पाकिटामागचं वाचा हो प्लीज. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागू शकतो, डॉक्टरांना विचारूनच. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला तर गोळी लागू पडायची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.