रिव्हरवर आधी बोलताना: एका व्हिडिओ अभ्यासक्रमाचे परीक्षण

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात टेबलावरचे पाचवे आणि शेवटचे सामाईक पान, म्हणजे रिव्हर, उघडल्यावर ज्याला प्रतिस्पर्ध्याच्या आधी बोलावे, म्हणजे चाल करावी लागते, त्या खेळाडूच्या अडचणीवरच बेतलेला एक व्हिडिओ अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. पोकरच्या अनेक शिकवण्या फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पानांवर) रेंगाळतात आणि रिव्हर घाईत उरकतात. मोठ्या पॉटचा (डावात जमलेल्या चिप्सचा) निकाल मात्र बहुधा याच फेरीत लागतो, म्हणून विषयाची ही निवडच मला मोलाची वाटली.

अभ्यासक्रमाचा सर्वांत सकस भाग म्हणजे ‘चेक’चा (बेट, म्हणजे पैज, न लावता पाळी पुढे देण्याचा) अर्थ जागेप्रमाणे कसा बदलतो याचे विवेचन. शेवटी बोलणाऱ्याने चेक केले की पाने उघडतात आणि डाव संपतो; त्यामुळे रेझची (प्रतिस्पर्ध्याने बेट वाढवण्याची) शक्यता बाजूला ठेवली, तर व्हॅल्यूसाठी, म्हणजे कमकुवत पानांकडून चिप्स मिळवण्यासाठी, बेट लावताना कॉल आल्यावर (समोरच्याने तेवढ्याच चिप्स भरल्यावर) आपण निम्म्याहून अधिक वेळा जिंकतो का, एवढेच त्याने पाहायचे असते. आधी बोलणाऱ्याचे चेक डाव संपवत नाही, ते प्रतिस्पर्ध्याला बेट लावण्याची मुभा देते. म्हणून त्याने आपल्या बेटची तुलना पन्नास टक्क्यांशी न करता, त्याच पानांवर चेक केल्यास काय पदरात पडेल याच्याशी करायची असते. कॉल आल्यावर निम्म्यापेक्षा थोडे कमी वेळा जिंकणारी मध्यम जोडीसुद्धा कधी कधी लहान बेटला योग्य का ठरते, हे मला इथे प्रथमच नीट उमगले. पॉटमध्ये १०० चिप्स असताना चेक करून ७५ चिप्सच्या बेटला तोंड देण्यापेक्षा स्वतःच ३० चिप्सचे ब्लॉक बेट (मोठे बेट टाळण्यासाठीचे लहान बेट) लावले, तर किंमत आपण ठरवतो आणि जे कमकुवत हात (पाने) प्रतिस्पर्ध्याने मुकाट्याने चेक केले असते, त्यांच्याकडूनही कॉल मिळू शकतो.

याच ठिकाणी मोठी उणीव आहे. लहान बेटमध्ये अधूनमधून अत्यंत बलवान हातही मिसळले नाहीत, तर सावध प्रतिस्पर्धी त्यावर निर्धास्तपणे रेझ करतो. या धोक्याला अभ्यासक्रमात जेमतेम काही मिनिटे दिली आहेत. ही चाल शिकल्यानंतर पहिले काही आठवडे मला वारंवार रेझ आले आणि त्यांचे उत्तर मला स्वतःच शोधावे लागले.

चेक करून कॉल करण्याचा भाग उत्तम आहे. टेबलावर इस्पिकचा राजा आणि इस्पिकची नव्वी आहे, पुढे इस्पिक आलेच नाही, आणि आपल्याजवळ बदामचा राजा व दश्शी आहे, असे समजा. ती दश्शी किलवरची असेल, तर प्रतिस्पर्ध्याकडे फसलेला इस्पिकचा फ्लश ड्रॉ (पाच इस्पिक जुळवण्याचा अपुरा राहिलेला हात) असण्याच्या सर्व शक्यता शिल्लक राहतात. तीच इस्पिकची असेल, तर त्याच्या ब्लफचे (कमकुवत पानांवर बेट लावून फसवण्याचे) काही हात आपणच अडवून बसतो आणि कॉल किंचित महाग पडतो. जोडी तीच असूनही निर्णय कसा झुकतो, हे शिक्षकाने फार संयमाने उलगडले आहे.

गणिताच्या भागाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पॉटच्या निम्म्या बेटला कॉल करायला २५ टक्के वेळा जिंकणे पुरेसे असते आणि अशा बेटसमोर सुमारे ६७ टक्के हात सोडून न देता टिकवावेत, हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण दुसरा आकडा नियमासारखा शिकवला आहे. ब्लफ करणाऱ्याला चेक करूनही काही डाव जिंकता येत असतील, तर त्याला रोखण्यासाठी एवढे हात टिकवण्याची गरज नसते. आणि प्रतिस्पर्धी रिव्हरवर ब्लफच कमी करत असेल, तर हा आकडा पाळणे थेट तोट्याचे ठरते.

पॉट ऑड्स (कॉलची किंमत आणि पॉट यांचे प्रमाण) ज्यांच्या अंगवळणी पडलेले नाहीत, त्यांनी हा अभ्यासक्रम सध्या घेऊ नये. इतरांना मी तो निश्चित सुचवेन, फक्त ब्लॉक बेटचा भाग पाहताना प्रत्येक उदाहरणाशी थांबून, रेझ आला तर आपण काय करू, हे कागदावर लिहून मगच पुढे जावे.