बूट स्प्लॅश कोसळतोय: काढून टाकावा, दुरुस्त करावा की कर्नल बदलावा?

लिनक्स सुरू होताना दिसणारं चित्र, फिरणारं चक्र किंवा कंपनीचा लोगो म्हणजे बूट स्प्लॅश. बहुतेक संगणकांवर हे काम प्लायमाउथ नावाचा प्रोग्राम करतो. तो रेड हॅटमध्ये तयार झाला, २००८ साली फेडोरा १० मध्ये आला आणि २०१० मध्ये १०.०४ या आवृत्तीपासून उबुंटूनंही तो घेतला. तो कोसळला की कधी लॉगिन केल्यावर ‘सिस्टिममध्ये बिघाड आढळला’ अशी खिडकी येते, कधी चित्र अर्ध्यावर गोठतं, तर कधी पडदा काळा होऊन तसाच राहतो.

अशा वेळी प्रश्न एकच असतो: हे चित्र कायमचं बंद करून मोकळं व्हावं, दुरुस्तीच्या मागे लागावं, की जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्याच्या आधीच्या आवृत्तीवर) परत जावं? उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. डिस्क एन्क्रिप्ट (पासफ्रेजशिवाय वाचता न येणारी) केलेली आहे का, आणि त्या संगणकासमोर रोज कोण बसतं. या दोन्हींचा विचार न करता दिलेला सल्ला अर्धाच असतो. खाली आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी दोषी कोण ते पाहा

निवड करण्याआधी एक चाचणी करायलाच हवी. संगणक चालू करताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी लागते). पहिल्या ओळीवर उभं राहून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द पुसा आणि कंट्रोल-एक्स दाबा. फेडोरावर त्या जागी ‘आरएचजीबी क्वाएट’ असतं. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आता चित्राऐवजी अक्षरं धावतील. ती धावत जाऊन नीट लॉगिन आलं, तर दोष स्प्लॅशमध्ये किंवा त्याच्याकडून पडदा लॉगिनच्या हाती सोपवला जाण्यात आहे. अक्षरं एका ओळीवर येऊन थांबली, तर स्प्लॅश निर्दोष आहे, त्यानं फक्त खरा बिघाड झाकून ठेवला होता. आणि अक्षरं दिसता दिसता पडदा काळा झाला, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यायचा.

यातली मधली शक्यता गोव्यात पावसाळ्यात फार भेटते. डिचोलीकडच्या एका वाचनालयातल्या डेस्कटॉपचं उदाहरण घ्या. ग्रंथपाल काकींचं म्हणणं होतं, ‘चित्र येतं, गोल फिरत राहतं, पुढे काहीच नाही.’ ऐकणारा कोणीही प्लायमाउथलाच नाव ठेवील. ‘क्वाएट स्प्लॅश’ पुसल्यावर पडद्यावर आलं ते वेगळंच: रूट फाइलसिस्टिममध्ये चुका सापडल्या आहेत, एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हातानं चालवा, आणि खाली कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ लिहून लुकलुकणारा कर्सर. आदल्या दिवशी गडगडाटात लाईट गेली होती, यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली. तिथंच एफएससीके चालवून, विचारलेल्या प्रश्नांना ‘वाय’ देऊन, संगणक उठला. स्प्लॅश दुरुस्त करण्यात कितीही तास घातले असते तरी तो उठला नसता.

असंच दुसरं सोंग म्हणजे दीड मिनिटाचा थांबा. एफएसटॅबमध्ये (जोडायच्या डिस्कांच्या यादीत) नोंदवलेली पण आता नसलेली डिस्क सिस्टिमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, ९० सेकंद शोधत बसतो, आणि चित्रासमोर बसलेल्या माणसाला वाटतं चित्रच अडकलं. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ची यादी पाहून काही जण ‘प्लायमाउथ-क्विट-वेट’ या सेवेला दोष देतात, कारण तिच्यापुढे मोठे आकडे दिसतात. ती सेवा वेळ खात नाही. स्प्लॅश संपेपर्यंत थांबून राहणं एवढंच तिचं काम, तेव्हा तिच्या नादी लागू नका.

पर्याय पहिला: स्प्लॅश काढून टाकणं

सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकर होणारा आणि माझ्या मते बऱ्याच जणांना पुरेसा. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ही फाइल उघडून ‘स्प्लॅश’ हा शब्द काढायचा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. फेडोरावर हेच काम ‘ग्रबी’ करतं. बदल या फाइलमध्येच करा. थेट ग्रब.सीएफजी बदलली तर पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते आणि तुमची मेहनत पुसली जाते. एवढं करूनही क्रॅशची सूचना येतच राहिली तर त्याच ओळीत ‘प्लायमाउथ.एनेबल=०’ जोडा.

इंटरनेटवर एक तिसरा उपाय सापडतो: प्लायमाउथच्या सेवा ‘सिस्टिमसीटीएल मास्क’नं बंद करणं. तो मी कोणालाच सुचवणार नाही. प्लायमाउथ सुरू होतो तो डिस्क जोडली जाण्याच्याही आधी, इनिट्रॅमएफएस या कर्नलसोबतच्या छोट्या फाइलमधून. तुम्ही मास्क करता ती सेवा असते मुख्य सिस्टिममधली. म्हणजे सुरू करणारा जागेवर राहतो आणि नेमका बंद करणाराच झोपवला जातो. मग चित्र पडद्याला चिकटून बसतं. प्लायमाउथचं पॅकेजच उडवून टाकायचं असेल, तर सोबत आणखी काय काय उडणार आहे ती यादी वाचल्याशिवाय ‘होय’ म्हणू नका.

या पर्यायाची एक बाजू मराठी वापरणाऱ्यांना खास जाणवते. संगणकाची भाषा मराठी ठेवली असेल तर काळ्या कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) मराठी संदेशांच्या जागी चौकोन किंवा तुटकी चिन्हं दिसतात. लिनक्सच्या मूळ कन्सोलला जोडाक्षरं आणि मात्रा जुळवता येत नाहीत. बिघाड नाही तो, पण ज्याला माहीत नाही त्याला संगणक बिघडल्यासारखाच वाटतो. वाचनालयात, शाळेत, दुकानात, जिथं समोरचा माणूस रोज बदलतो तिथं धावणारी अक्षरं पाहून मधेच बटण दाबून संगणक बंद करणारे निघतात. अशा ठिकाणी ‘स्प्लॅश’ काढा पण ‘क्वाएट’ राहू द्या. मग पडदा जवळपास कोरा राहतो आणि थेट लॉगिन येतं.

एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर

इथं मात्र हिशेब बदलतो. लक्स (लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) वापरून डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर पासफ्रेज विचारणारी ती सुंदर चौकट प्लायमाउथच दाखवतो. स्प्लॅश काढला तरी पासफ्रेज विचारली जाते, फक्त कन्सोलवर एका ओळीत, आणि टाइप करताना काही हललेलं दिसलं नाही म्हणून माणूस गोंधळतो. प्लायमाउथ अर्धवट कोसळत असेल तर त्याहून वाईट: विचारणाराच मरतो आणि तुम्ही काळ्या पडद्यासमोर ताटकळता.

म्हणून एन्क्रिप्शन असलेल्या लॅपटॉपवर कायमचा बदल करण्याआधी ग्रबमधला तात्पुरता बदल करून, पासफ्रेज देऊन, आत जाता येतं हे स्वतः पाहा. एक आठवणही करून देतो. त्या टप्प्यावर कीबोर्डची मांडणी तुमच्या डेस्कटॉपवरचीच असेल असं नाही. अनेकदा ती अमेरिकन इंग्रजी असते. पासफ्रेज देवनागरीत ठेवण्याचा मोह होतो, पण ती लिहिता न आल्यानं अख्खी डिस्क हातातून जाऊ शकते. साधी रोमन अक्षरं, आणि विशेष चिन्हं शक्यतो कमी.

पर्याय दुसरा: दुरुस्ती

दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात तीन वेगळी कामं, आणि ती स्वस्तापासून महागाकडे करत जावीत.

पहिलं, इनिट्रॅमएफएस नव्यानं बांधणं. स्प्लॅशचा प्रोग्राम, थीम आणि फॉन्ट यांची प्रत कर्नलसोबतच्या या छोट्या फाइलमध्ये बांधून ठेवलेली असते. अपडेट चालू असताना लाईट गेली, किंवा /बूट विभाजन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग) भरून गेलं, की ही फाइल अर्धी किंवा जुनी राहते आणि सिस्टिम नवी होते. दोघांचं जमत नाही. डेबियन, उबुंटू, मिंटवर आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘डीएफ’नं /बूटमध्ये जागा किती ती पाहणं, जुनी कर्नलं काढणं आणि शेवटी ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’. फेडोरावर हेच काम ‘ड्रॅकट’ करतं. जागा न पाहताच फाइल बांधायला घेतली तर ती पुन्हा अर्धीच बनेल. इथं पाऊस आणि वीज यांचं नातं जसं आहे ते पाहता, हा टप्पा मी कधीच वगळणार नाही.

दुसरं, थीम बदलणं. इंटरनेटवरून उतरवलेल्या थीम्समध्ये स्क्रिप्ट असते, चित्रं असतात, आणि एखादं चित्र जागेवर नसलं की सगळं कोलमडू शकतं. फोंड्याकडे दुकानाच्या संगणकावर सुरू होताना कवळ्याच्या शांतादुर्गेचा किंवा मंगेशीचा फोटो दिसावा अशी इच्छा असणारे पुष्कळ आहेत, आणि ती इच्छा अगदी रास्त आहे. फक्त प्लायमाउथला चित्र पीएनजी लागतं. मोबाइलवरून आलेल्या जेपीजी फाइलचं नाव बदलून शेवटी ‘पीएनजी’ लिहिलं की ती पीएनजी होत नाही. जिम्पमध्ये उघडून खरोखर निर्यात करा, आणि आकार पडद्याएवढाच ठेवा. फोटोखाली देवनागरीत ‘सुस्वागतम्’ हवं असेल तर ते फोटोतच लिहून टाका. इनिट्रॅमएफएसमध्ये देवनागरी फॉन्ट सहसा जात नाही, त्यामुळे स्क्रिप्टनं लिहिलेली मराठी चौकोनांत दिसते.

चाचणीसाठी मात्र ‘डीटेल्स’ ही थीम लावून पाहा. तिच्यात चित्र नसतंच. ती लावून कोसळणं थांबलं तर दोष आधीच्या थीममध्ये किंवा चित्र रंगवण्यात. तरीही कोसळलं तर थीम बदलत बसण्यात अर्थ नाही. फेडोरा आणि ओपनसुसेवर ‘प्लायमाउथ-सेट-डीफॉल्ट-थीम’ला ‘-आर’ जोडलं की इनिट्रॅमएफएसही नव्यानं बांधलं जातं. उबुंटूवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’नं थीम निवडून इनिट्रॅमएफएस आपणच बांधायचं. हे दुसरं पाऊल विसरलं की वाटतं थीम बदललीच नाही.

तिसरं, ग्राफिक्स. चित्र नीट दिसण्यासाठी कर्नलनं पडद्याचा ताबा लवकर घ्यावा लागतो. एनव्हिडियाच्या स्वतःच्या (स्रोत खुला नसलेल्या) ड्रायव्हरवर ‘एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१’ चालू आहे का ते पाहा. इंटेल किंवा एएमडी असेल तर ‘आय९१५’ किंवा ‘एएमडीजीपीयू’ हे मॉड्यूल इनिट्रॅमएफएसमध्ये घातल्यानं ते लवकर लागतं आणि मधली लुकलुक थांबते. एचडीएमआयनं टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर तो काढून एकदा सुरू करून पाहा. दोन पडद्यांमुळेही गोंधळ होतो. ‘नोमोडसेट’ हा शब्द चाचणीपुरता ठीक आहे, कायम ठेवू नका, कारण मग ड्रायव्हर आपलं काम करतच नाही आणि व्हिडिओ, रिझोल्यूशन सगळंच मार खातं.

पर्याय तिसरा: जुनं कर्नल

कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं, असं स्वच्छ सांगता येत असेल तर हाच पहिला प्रयत्न. ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीचं कर्नल निवडलं की मिनिटाभरात कळतं. चाललं तर काही दिवस त्यावरच राहा आणि पुढच्या अपडेटची वाट पाहा. वर्षभर तसंच राहणं मात्र धोक्याचं, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या कर्नलमध्येच येत राहतात. पर्वरी-पणजीतल्या ऑफिसच्या लॅपटॉपला हे चालणार नाही. घरातल्या, फक्त पोथ्या आणि भजनं टाइप करायच्या संगणकाला थोडे दिवस चालेल.

पुन्हा इन्स्टॉल करणं हा या बिघाडावरचा पर्याय मी धरतच नाही. हार्डवेअर तेच, ड्रायव्हर तोच, अपडेटं तीच. पहिल्या अपडेटनंतर तोच पडदा पुन्हा भेटण्याची शक्यता दांडगी.

कोणी काय निवडावं

घरी एकट्यानं वापरायचा, एन्क्रिप्शन नसलेला संगणक: स्प्लॅश काढा, विषय संपला. वाचनालय, शाळेची लॅब, काउंटरवरचं मशीन: इनिट्रॅमएफएस नव्यानं बांधा, डिस्ट्रोची (उबुंटू, फेडोरा जे असेल त्याची) मूळ थीम लावा, तरीही नाही जमलं तर ‘क्वाएट’ ठेवून स्प्लॅश काढा. एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप: दुरुस्तीच करा, आणि करण्याआधी लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट लिनक्स सुरू करता येतं ती) हाताशी ठेवा. एनव्हिडिया असलेलं मशीन: ड्रायव्हरपासून सुरुवात, बाकी सगळं नंतर.

दुरुस्ती करूनही कोसळतच असेल तर तक्रार नोंदवणं फायद्याचं, आणि तिच्यासोबत पुरावा हवा. एकदा ‘प्लायमाउथ.डीबग’ हा शब्द कर्नलच्या ओळीत घालून सुरू करा. /व्हार/लॉगमध्ये प्लायमाउथची डीबग फाइल तयार होते. ‘जर्नलसीटीएल -बी -१’ आधीच्या बूटच्या नोंदी दाखवतं. सिस्टिमडी क्रॅश साठवत असेल तर ‘कोअरडंपसीटीएल’, आणि उबुंटूवर /व्हार/क्रॅश पाहा. या तिन्हींसोबत ग्राफिक्स कार्डाचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि दुसरा मॉनिटर होता का नव्हता, हे लिहून द्या.