रीफ टँकसाठी काळी वाळू: कुळकुळीत घ्यावी की काळी-पांढरी मिक्स?

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, त्याच्या तळाला टाकायची वाळू पांढरी की काळी हा वाद तुमच्यापुरता मिटलाय आणि काळीच टाकायचं ठरलंय असं धरून लिहितोय. सायकलिंग (नव्या टँकमध्ये उपयोगी जिवाणू वाढू देणं), लाइव्ह सॅन्ड (जिवाणू असलेली वाळू) की ड्राय सॅन्ड वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही. खरा घोळ पुढेच होतो, कारण काळी म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक पूर्ण काळी, कुळकुळीत, जी बहुतेक वेळा इनर्ट असते, म्हणजे पाण्याच्या रसायनात काही फरक करत नाही. दुसरी हवाईयन ब्लॅक टाइपची, ज्यात काळे आणि पांढरे कण मिसळलेले असतात. माझ्याकडे दोन्ही चालल्यात, छोट्या क्यूबमध्ये (चौकोनी ठोकळ्यासारख्या टँकमध्ये) कुळकुळीत आणि चार फुटी टँकमध्ये मिक्स, त्यामुळे जे सांगतोय ते रोज समोर बसून बघितलेलं आहे, मोजमाप काही केलेलं नाही.

दिसण्यात पहिल्या दिवशी कुळकुळीत वाळू सरळ जिंकते, हे मान्यच करायला हवं. ब्लू लाइट लावला की खालचं सगळं गायब होतं आणि झोआ, अ‍ॅकॅन, मशरूम ही कोरल नुसती पेटल्यासारखी दिसतात. माशांचे रंगही गडद वाटतात, पांढऱ्या वाळूवर बरेच मासे थोडे फिके पडतात तसं इथे होत नाही, निदान माझ्या रॉयल ग्रामा माशाच्या बाबतीत तरी फरक डोळ्यांना दिसतो. बालीतल्या तुलांबेनचे किंवा सुलावेसीच्या लेंबेह सामुद्रधुनीतले डायव्हिंगचे व्हिडिओ बघून ज्यांना हा नाद लागलाय त्यांना नेमका हाच लुक हवा असतो, ज्वालामुखीची काळी वाळू आणि त्यावर रंगीत जीव. मिक्स वाळू चार पावलांवरून बघितली तर राखाडी दिसते. पॅकेटवरचा फोटो बघून घेतलेल्या माणसाचा थोडा विरस होऊ शकतो.

आता ज्या एका त्रासामुळे माझं मत ठरलं तो सांगतो. रीफमध्ये जे जे कडक असतं ते जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट आणि ते तुटलं, मेलं, खरवडलं गेलं की शेवटी पांढरंच दिसतं. गोगलगाय मेली की शंखाचे तुकडे, हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) एकमेकांशी भांडले की अजून तुकडे, काचेवरचं कोरलाइन (कडक गुलाबी शेवाळ) खरवडलं की गुलाबी पापुद्रे पडतात आणि काही दिवसांत तेही पांढरे होतात, रॉकचा भुगा सतत पडत असतो, आणि ते स्पायरॉर्बिड, म्हणजे काचेवर नि वेव्हमेकरवर (पाणी हलवणाऱ्या पंपावर) चिकटणारे बारीक पांढरे गोल वेटोळे, पंप साफ करताना निम्मे खाली सांडतातच. पांढऱ्या वाळूवर यातलं काहीही दिसत नाही. कुळकुळीत वाळूवर मात्र काळ्या शर्टावर कोंडा दिसावा तसा एकेक कण दिसतो. बरं, सायफनने (नळीने पाण्यासकट) ओढून काढू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण अ‍ॅरागोनाइटची (पांढऱ्या कणांतलं कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) घनता साधारण 2.9 आणि बेसाल्टची (ज्वालामुखीचा काळा खडक) 3 च्या आसपास, म्हणजे पांढरा कण आणि काळा कण जवळपास एकाच वजनाचे, सायफनला त्यातला फरक कळत नाही, एकतर दोन्ही वर येतात नाहीतर दोन्ही खाली राहतात. मी चिमट्याने वेचायचो, पाण्यात हात घालून, आणि आठवड्याने परत तेच. त्यातही हे कण सगळीकडे सारखे पसरत नाहीत, पाण्याचा फ्लो जिथे मंद होतो तिथेच साचतात, रॉकच्या मागे आणि नेमके पुढच्या काचेला लागून, म्हणजे आपण जिथून बघतो तिथेच. थोडक्यात कुळकुळीत वाळू रीफमध्ये कुळकुळीत राहत नाही, हळूहळू तिची मिक्स होतेच, फक्त ठिगळं लावल्यासारखी. मग मुळातच मिक्स टाकलेली काय वाईट? तिच्यात शंखाचा तुकडा पडला तरी शोधावा लागतो. डेट्रिटसचंही (माशांची विष्ठा, उरलेलं अन्न यांचा गाळ) तसंच, फिकट तपकिरी धूळ कुळकुळीत वाळूवर लगेच डोळ्यावर येते आणि मिक्समध्ये बऱ्यापैकी लपते.

मिक्सच्या बाजूने एक मुद्दा नेहमी सांगतात की तिच्यात अ‍ॅरागोनाइट असतं म्हणून पीएच सांभाळला जातो. मला हा मुद्दा फार वजनदार वाटत नाही. पीएच 8.1-8.3 असताना अ‍ॅरागोनाइट नावापुरतंसुद्धा विरघळत नाही, अल्कलिनिटी (पीएच टिकवणारी पाण्याची क्षमता) आपण डोसिंग, म्हणजे मोजून रसायनं घालणं, आणि वॉटर चेंजनेच राखतो. त्यामुळे केवळ इनर्ट आहे म्हणून कुळकुळीतला नाव ठेवू नका.

कणांचा आकार मात्र जरूर बघा. फार बारीक असेल तर वेव्हमेकर चालू केला की कोपऱ्यात ढीग आणि मधे उघडी काच, साधारण 1-2 मिमीचे कण मला सोयीचे वाटतात. मेलानुरससारखे रास (wrasse) मासे रात्री वाळूत घुसून झोपतात, डायमंड गोबी मासा दिवसभर वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्यांच्यासाठी कण धारदार नकोत. काही काळ्या वाळू काचेच्या चुऱ्यासारख्या टोचतात, बोटांत चोळून बघितलं तरी कळतं. मी घेतलेली मिक्स हाताला मऊ लागली, सगळ्याच ब्रँडची तशी असेल असं नाही म्हणणार.

आपल्याकडे हमखास विचारतात, रत्नागिरीला मांडवीला काळीच वाळू आहे, तो तर काळा समुद्रच म्हणतात, तिथून दोन पोती आणली तर? कृपया नको. एक तर किनाऱ्यावरची वाळू उचलण्यावर सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत. आणि दुसरं, तिचा काळेपणा बराचसा इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांचा असतो, दोन्हीत लोह असतं. काच साफ करायचे आपले मॅग्नेट हल्ली निओडिमियमचे, चांगले जोरदार, खाली वाळूजवळ नेले की असे कण त्यांना जाऊन चिकटतात आणि पुढच्या फटक्यात काचेवर ओरखडा उमटतो. अ‍ॅक्रिलिक टँक असेल तर विचारूच नका. हीच तपासणी विकतच्या वाळूचीही करा, मग ती कुळकुळीत असो की मिक्स. मूठभर सुकी वाळू कागदावर पसरायची, मॅग्नेट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवायचा, किती कण चिकटतात ते लगेच दिसतं. दुकानदार चांगला असेल तर सॅम्पल देतो, नाही म्हणाला तर एक छोटी बॅगच घेऊन बघा.

तरीही कुळकुळीतच हवी असेल तर ती कुठे शोभते तेही सांगतो. छोटा टँक, सॉफ्ट कोरल, मोजके जीव, हर्मिट नाहीत, रॉक कमी आणि तुम्ही रोज चिमटा घेऊन बसायला तयार, अशा ठिकाणी तिच्यासारखी दुसरी नाही, माझ्या क्यूबमधली मी अजून काढलेली नाही. पण मोठा मिक्स रीफ (म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची कोरल एकत्र), त्यात एसपीएस (बारीक पॉलिपची कडक कोरल), टर्बो गोगलगायी, रास मासे असा प्लॅन असेल तर माझ्या मते तरी मिक्स वाळूच घ्या. चार बाय दीड फुटाच्या तळाला दीड इंच थर द्यायचा तर 30-35 किलो लागेल, ती सगळी एकदम आणि शक्यतो एकाच लॉटमधली मागवा, कारण काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण बॅगेगणिक थोडं बदलू शकतं आणि नंतर वरून टाकलेली वाळू वेगळी कळून येते.