काटो, पिको, रोको की बाखमन? कोल्हापुरात बसून छोट्या रेल्वेचं इंजिन निवडताना

थोरल्या बहिणीचा मुलगा राजारामपुरीत राहतो. परवा रात्री त्याचा फोन. "मामा, पोराला रेल्वे घ्यायची हाय. सेलवरची नको, रुळातनं करंट घेऊन चालणारी. कुठल्या कंपनीचं इंजिन भरवशाचं ओ?" नाव पोराचं आणि हौस बापाची, हे मी लगेच ओळखलं, कारण वीस वर्षांपूर्वी मीही घरात हेच कारण सांगितलं होतं.

फोनवर उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून लिहूनच काढतो. माझी हयात शिवाजी उद्यमनगरात गिअर कटिंगच्या शेडमध्ये गेली. त्यामुळे इंजिन हातात आलं की रंग आणि नंबर नंतर, आधी उलटं करून पोट, म्हणजे आतली मोटर आणि गिअर, बघायची सवय. खालचं सगळं त्याच नजरेनं लिहिलंय. ज्याला रंगकाम आणि बारीक रिबिटांची हौस आहे, त्याचं मत वेगळं पडेल.

कंपनीच्या आधी माप ठरवा. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६० (जपानी गाड्या बहुतेक १:१५०), अंतर ९ मिलिमीटर. युरोपियन एचओचं सर्वात घट्ट वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं असतं, पण त्यावर लांब डबे फार वाकडे दिसतात. मोकळं वळण घ्यायचं तर आठ बाय चारचा प्लाय लागतो, आणि तो उभा करून ठेवायलाही घरात एक भिंत रिकामी हवी. एनचं नेहमीचं वळण साधारण २५ सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे दोन बाय चार फुटांच्या फळीवर गाडी आरामात फिरते. खेळून झालं की फळी दिवाणाखाली.

मग सगळ्यांनी एनच घ्यावं का? इथंच भरवशाचा प्रश्न येतो. एनचं इंजिन तळहातात मावतं, वजनाला हलकं. रुळावर जरा धूळ बसली की चाकाला करंट मिळत नाही आणि गाडी अडते. एचओ जड असल्यामुळे अशी धूळ रेटून नेतं, शिवाय उघडायला आणि दुरुस्त करायला सोपं. म्हणून माझा हिशोब असा : एचओमध्ये मधल्या फळीतली कंपनी चालून जाते, एनमध्ये मात्र पोट उत्तमच पाहिजे.

एनमध्ये पोट उत्तम म्हणजे काटो. जपानमध्ये एन मापाची पहिली गाडी १९६५ साली यांनीच काढली. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनाचं वरचं खोकं नखांनी हलकं फाकवलं की स्क्रू न काढता वर निघतं. आत डायकास्टची, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, चासी, डावी आणि उजवी अशी दोन फाकांत. दोन्ही फाका एकमेकींपासून अलग ठेवलेल्या असतात आणि करंट त्यांच्यातूनच मोटरपर्यंत जातो, त्यामुळे तुटायला वायरच नाही. मधे पाच पोलची मोटर, तिच्या दोन्ही अंगांना पितळी फ्लायव्हील (चाल एकसारखी ठेवणारी जड चकती), तिथून इंजिनाखालच्या दोन्ही चाकगाड्यांना, म्हणजे बोग्यांना, वर्म गिअर. सगळी चाकं ओढतात आणि सगळीच चाकं करंट उचलतात. बोटानं फ्लायव्हील फिरवलं तर कुठं अडखळत नाही, आणि बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढील, हवी तेवढीच. आमच्या शेडमधल्या इन्स्पेक्शनच्या माणसानं हे एकदा हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. पास केलेल्या मालाबद्दल तो असाच गप्प बसायचा.

काटोचा रूळही बेससकट येतो, खटकन जोडायचा आणि खटकन सोडवायचा. दिवाणाखाली ठेवणाऱ्याला यासारखं दुसरं सुख नाही. उणीव म्हणाल तर चॉइसची. गाड्या जपानच्या आणि अमेरिकेच्या, युरोपच्या थोड्या. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचं घराणं अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं. त्याच घराण्यातलं आरएस-२ काटोनं एनमध्ये काढलेलं आहे. जुना स्टॉक कुणाकडं दिसला आणि लांबून डोळे बारीक करून बघितलं, तर तेवढं समाधान मिळतं.

एचओकडे वळलो की पहिलं नाव समोर येतं बाखमन, कारण स्टार्टर सेट सगळीकडे यांचेच दिसतात. फिलाडेल्फियाची जुनी कंपनी, १९८७ पासून हाँगकाँगच्या काडेर कंपनीच्या मालकीची. एकाच नावाखाली स्वस्तातलं खेळणंही मिळतं आणि चांगलं इंजिनही, म्हणून 'बाखमन कसं?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या रांगेतलं, ते आधी विचारायचं. अमेरिकेत ते मर्यादित आजीवन वॉरंटी देतात, पण कोल्हापुरातनं फिलाडेल्फियाला इंजिन पाठवायचा खर्च बघता ती वॉरंटी खोक्यावरच शोभते. आणखी एक बारीक गोष्ट : त्यांच्या रुळाचा बेस काळा असेल तर वरची पट्टी पोलादी, राखाडी असेल तर निकेल सिल्व्हरची. स्टार्टर सेटमध्ये बहुतेक काळा येतो. आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. काळ्या बेसचा रूळ गणपतीपर्यंत तांबूस होतो, आणि मग चांगलं इंजिनही अडखळायला लागतं. शिव्या इंजिन खातं, दोष रुळाचा असतो. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर : तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही, चांदीकाम करणाऱ्या हुपरीवाल्यांना विचारा. पण दमट हवेत टिकतं.

पिको आणि रोको या जोडीत मी स्वतः बराच काळ घुटमळलो. पिको जर्मनीतल्या झोनेबर्गची, पूर्व जर्मनीच्या काळात वाढलेली कंपनी. त्यांची हॉबी नावाची स्वस्त रांग आहे. बारकावे कमी, दांडे आणि शिड्या खोक्यावरच मोल्ड केलेल्या. पण पोट दणकट, आणि पोरानं धरलं तरी मोडायला बाहेर आलेलं काही नाही. एक्स्पर्ट रांगेत बारकावे येतात आणि किंमतही चढते. रोको ऑस्ट्रियाची, साल्झबर्गजवळची. चाल पिकोपेक्षा एक पायरी मऊ आणि बारकावे फार सुरेख, पण त्यातले बरेच भाग पिशवीत सुटे येतात आणि आपण बसवायचे असतात. एक पाइप कार्पेटवर पडला की गेला. दोघांच्याही इंजिनाबरोबर सुट्या भागांचा नंबरवार नकाशा येतो, आणि मला यांचं सर्वात जास्त कौतुक त्याचं आहे. पाच वर्षांनी एखादा गिअर लागला तर नंबर सांगून मागवता येतो.

याचं महत्त्व मला एका जुन्या इंजिनानं शिकवलं. कंपनीचं नाव सांगत नाही. आसावर दाबून बसवलेला प्लॅस्टिकचा गिअर कालांतराने आकसला आणि मधोमध चिरला. चिरेच्या जागी दोन दात फाकतात, त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठेच, ठक... ठक... लंगड्या घोड्यासारखी चाल. म्हटलं, आपलाच धंदा आहे, कापू पितळी गिअर. पण ट्रॅक्टरचे गिअर कापणाऱ्या शेडमध्ये ०.३ मॉड्यूलचा, म्हणजे इतक्या बारीक दातांचा, हॉब (गिअर कापायचं हत्यार) आणायचा कुठून? सुटा भाग मिळत नव्हता, इंजिन अजून कपाटात आहे.

हॉर्नबी हे नाव मेकॅनो या जोडणीच्या खेळण्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला ठाऊक. दोन्हींचा जनक एकच, लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी. यांचं माप ओओ, म्हणजे १:७६, पण रूळ मात्र एचओचाच १६.५ मिलिमीटरचा. गाडी रुंद आणि रूळ अरुंद अशी ती जन्मजात तडजोड आहे. वाफेच्या इंजिनाचं वेड असेल तर घ्या, ब्रिटिश वाफेची इंजिनं यांच्यासारखी इतर कुणाकडं नाहीत. रेलरोड ही त्यांची स्वस्त रांग पोरांसाठी ठीक. पण वाफेच्या इंजिनाच्या बाहेरच्या दांड्या नाजूक असतात, म्हणून पहिलं इंजिन डिझेलचं किंवा विजेचंच असावं, या मताला मी चिकटून आहे.

मार्कलिन ही १८५९ सालची जर्मन कंपनी. टिकाऊपणात हिचं नाव आधी घ्यावं लागेल. आजोबांचं इंजिन नातू चालवतो असं यांच्याबाबतीत खरोखर घडतं. मग मी ते भाच्याला का सुचवत नाही? त्यांच्या एचओची वीज वेगळ्या वाटेनं येते. रुळांच्या मधे बारीक खुंट्यांची रांग असते, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यावर घासत जाते, आणि दोन्ही रूळ मिळून दुसरी वायर. पद्धत छान आहे, रूळ वळवून गाडी उलट आणली तरी शॉर्ट होत नाही. पण हे इंजिन इतरांच्या दोन-रुळी पद्धतीवर चालत नाही, आणि इतरांचं यावर नाही. एकदा या घरात गेलात की सगळं सामान याच घरचं. पिको आणि रोकोही काही इंजिनं या पद्धतीसाठी काढतात. ऑनलाइन घेताना खोक्यावरची खूण बघा : = म्हणजे दोन-रुळी डीसी, ~ म्हणजे मार्कलिनवाली. स्वस्त मिळालं म्हणून ~ वालं उचललेले दोघे मला माहीत आहेत.

लायोनेल आणि एलजीबी ही मोठ्या मापाची मंडळी, बंगला आणि बाग असणाऱ्यांसाठी. पुढे चला.

हुबेहूब भारतीय इंजिन यातल्या कुणाच्या नेहमीच्या यादीत नसतं. त्याला मापाचीही अडचण आहे : आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एचओत तो १९ मिलिमीटरच्या वर जातो, १६.५ मध्ये बसवला तर गाडी जरा चवड्यावर उभी राहिल्यासारखी दिसते. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ मध्ये सुरू झाली ती मीटरगेज, ब्रॉडगेज झाली १९७१ मध्ये, म्हणजे जुनं कोल्हापूर स्टेशन करणाऱ्याला तिसरंच माप लागेल. विजेच्या इंजिनात मात्र एक पळवाट आहे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडहून आलेल्या डब्ल्यूएपी-५ ची चेहरेपट्टी स्विस आरई ४६० शी बरीच जुळते, आणि ते इंजिन रोको आणि मार्कलिन दोघांनी एचओत काढलं आहे.

पैशाचं आणि प्लगचं बोलू. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशी साइटवरची किंमत बघून हरखू नका, टपाल आणि ड्युटी धरून आकडा काढा. दुसरं म्हणजे व्होल्टेज. अमेरिकी सेटमधला पॅक १२० व्होल्टचा, जपानी १०० चा, आपल्या भिंतीत २३०. मी पहिला अमेरिकी सेट उघडला त्या संध्याकाळी पिनेला अडॅप्टर लावून सरळ बोर्डात खुपसला. दोन सेकंदांत धूर आणि जळक्या लाखेचा वास. रात्रभर कंपनीला शिव्या घातल्या. सकाळी बायकोनं पॅक उलटा करून भिंगाखाली वाचलं, "एकशेवीस लिहिलंय की ओ यावर." तेव्हा पॅक नसलेलं सामान घ्या. १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर आणि पीडब्ल्यूएमचा स्पीड कंट्रोलर इथं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, त्यावर गाडी मजेत चालते. डिजिटलच्या, म्हणजे रुळातनंच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणाऱ्या डीसीसी पद्धतीच्या, नादाला पहिल्या वर्षी लागू नका. फक्त इंजिनात तो हुकूम वाचणाऱ्या डीकोडरचं सॉकेट आहे ना एवढं बघून ठेवा.

जुनं इंजिन मिळत असेल तर विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा, आणि तोही पळणाऱ्या गाडीचा नको. पळताना सगळीच इंजिनं चांगली असतात. सर्वात कमी वेगात, मुंगीच्या चालीनं, दोन्ही दिशांना एक-एक फूट चालवून दाखव म्हणावं. समोर असेल तर उलटं करून मऊ कापडावर ठेवा, नऊ व्होल्टच्या सेलच्या दोन वायरी डाव्या-उजव्या चाकांना लावा, आणि मग एकेका चाकाच्या जोडीवर हेच करा. म्हणजे कुठली जोडी करंट उचलत नाही ते कळतं. चासीच्या कडा नखानं तपासा. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर डायकास्ट आतून फुगतं, भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखं तुटतं. दमट हवेत ते आणखी लवकर होतं. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. चासी फुगली असेल तर फुकटही घेऊ नका, त्याला इलाज नाही.

घ्यायच्या आधी पोराला घेऊन एकदा पुण्याला जा, असंही भाच्याला सांगितलं. कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे. गाडी चालताना बघितली की माप डोळ्यात बसतं.

माझा निकाल असा : फ्लॅट आणि दिवाण असेल तर काटो, एन मापात, दुसरा विचार नको. आठ बाय चारची जागा असेल आणि पोरगं दहाच्या आतलं असेल तर पिको हॉबी, जर्मन सिल्व्हरच्या रुळावर. हात स्थिर असतील आणि खिसा सैल असेल तर रोको. बाखमन ओळखीच्यानं, रांग बघून दिलं तरच.

भाच्यानं काटो मागवलं. आता पोरगं विचारतंय, गाडी मिरजेपर्यंत नेता येईल का. बापाला वाटतं, चेष्टा आहे. मी हिशोब केला : सत्तेचाळीस किलोमीटर भागिले एकशेसाठ, जवळजवळ २९४ मीटर रूळ. हा आकडा पोराला सांगायचा नाही, अशी घरातनं मला सक्त ताकीद आहे.