कालक्रमाचा सीव्ही की कौशल्यांचा? मांडणी ठरवण्यापूर्वी

सीव्हीत काय लिहावे याचा विचार बहुतेक अर्जदार करतात. ते कोणत्या क्रमाने लिहावे, हा प्रश्न मात्र हाताशी असलेल्या जुन्या साच्यावर सोडून दिला जातो. वास्तविक तीच माहिती तारखांच्या क्रमाने मांडली तर वाचणाऱ्यासमोर एक उमेदवार उभा राहतो आणि कौशल्यांच्या गटांत मांडली तर दुसराच. त्यामुळे एकेका वाक्यावर मेहनत घेण्याआधी मांडणी ठरवणे योग्य.

कालक्रमानुसार सीव्हीत सध्याच्या किंवा शेवटच्या नोकरीपासून सुरुवात करून मागे जायचे असते: पद, संस्था, कालावधी आणि त्याखाली केलेले काम. भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांना हीच रचना सवयीची आहे. सहायक म्हणून लागलेली व्यक्ती पुढे विभागप्रमुख झाली असेल, तर तिची वाटचाल वेगळे विशेषण न वापरताही दिसते. एकाच क्षेत्रात वर येणाऱ्या माणसासाठी याहून चांगली मांडणी नाही. तिची अडचण क्षेत्र बदलताना कळते, कारण पानावरची सर्वांत मोलाची जागा, म्हणजे वरचा भाग, अशा नोकरीला मिळतो जिचा नव्या पदाशी संबंध चटकन लक्षात येत नाही.

कौशल्याधारित सीव्हीत नोकऱ्यांची यादी शेवटी जाते आणि ‘प्रशिक्षण’, ‘हिशेब’, ‘ग्राहकसंवाद’ अशा शीर्षकांखाली अनुभव विभागला जातो. या पद्धतीचा जुना आणि विलक्षण नमुना म्हणून लिओनार्दो दा विंचीने 1482च्या सुमारास मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेल्या पत्राकडे पाहता येते. त्यात आधी कुठे काम केले याची जंत्री नाही. हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा असे आपण काय काय करू शकतो ते मुद्देवार सांगितले आहे आणि चित्रकलेचा उल्लेख थेट शेवटी येतो, कारण वाचणाऱ्याची निकड युद्धाची होती. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पत्राची अखेर: यातले काही अशक्य वाटत असेल तर प्रत्यक्ष करून दाखवण्याची तयारी तो दर्शवतो. आजच्या कौशल्याधारित सीव्हीत नेमके हेच हरवते. ‘उत्तम नेतृत्वगुण’ असे लिहिलेले असते; कुठे, किती जणांचे आणि काय साधले, याचा पत्ता नसतो. दावा आणि त्याचा पुरावा यांची अशी ताटातूट झाली की वाचणारा सावध होतो आणि तारखा का मागे ढकलल्या असाव्यात याचा शोध घेऊ लागतो.

समजा, नऊ वर्षे शाळेत शिकवलेल्या एका व्यक्तीला कंपनीतील कर्मचारी प्रशिक्षणाच्या पदासाठी अर्ज करायचा आहे. कालक्रमाच्या मांडणीत पहिलीच ओळ ‘माध्यमिक शिक्षक’ अशी येईल आणि घाईत वाचणारा तिथेच थांबण्याची भीती राहील. केवळ कौशल्यांच्या मांडणीत ‘प्रशिक्षण आराखडा’ हे शीर्षक ठळक दिसेल, पण तो कोणासाठी आखला हे समजणार नाही. अशा वेळी मिश्र मांडणी उपयोगी पडते: वर तीन-चार ओळींत पदाशी जुळणारी कौशल्ये, प्रत्येकीसोबत ‘नव्याने रुजू झालेल्या 12 शिक्षकांसाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण आखले व घेतले’ असा एखादा ठोस दाखला आणि लगेच खाली तारखांसह नोकऱ्या. मात्र तोच मजकूर दोन्हीकडे लिहून पान भरवणे ही मिश्र सीव्हीतली नेहमीची चूक आहे, ती कटाक्षाने टाळावी.

अर्ज ऑनलाइन भरायचा असल्यास आणखी एक बाब तोलावी लागते. अनेक संस्थांची अर्ज छाननीची सॉफ्टवेअर सीव्हीतून पद, संस्था आणि कालावधी वेगळे काढून नोंदवतात. कालक्रमाच्या सीव्हीत या तिन्ही गोष्टी शेजारी सापडतात, तर कौशल्याधारित सीव्हीत अनुभव कोणत्या नोकरीचा हे जुळवता येत नाही. दोन स्तंभांची सजावट, मजकुराच्या चौकटी किंवा पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन क्रमांक यांमुळेही वाचनात गफलत होऊ शकते. एका स्तंभाची साधी रचना दोन्ही प्रकारांत सुरक्षित आहे.

कौशल्याधारित सीव्हीकडे वळणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात खरे तर नोकरीतल्या खंडाची धास्ती असते: आजारपण, घरातील व्यक्तीची शुश्रूषा, बाळंतपण, कामावरून झालेली कपात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की खंड लपवण्यासाठी मांडणी बदलू नये. ‘2021 ते 2022: कौटुंबिक शुश्रूषेसाठी पूर्णवेळ विराम’ ही एक सरळ ओळ कालक्रमात बसते आणि पुढची शंका तिथेच मिटवते. तारखा दडवल्या तर तोच प्रश्न मुलाखतीत येतो, तोही अधिक अवघड स्वरूपात. खंड लहान असेल आणि इतर नोकऱ्या दीर्घ असतील, तर महिने वगळून केवळ वर्षे लिहिणेही रास्त आहे, मात्र अर्जात महिने स्पष्टपणे मागितले असतील तर ते द्यायलाच हवेत.

अध्यापन-संशोधनाच्या पदांसाठी हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. तिथला सीव्ही शोधनिबंध, अध्यापन आणि अनुदाने यांच्या स्वतंत्र विभागांत विस्ताराने लिहिला जातो आणि अनेक पानांचा झाला तरी चालतो.

राहिला पहिलीच नोकरी शोधणारा उमेदवार. त्याच्याजवळ नोकऱ्यांचा क्रम नसतो, म्हणून त्याला सर्रास कौशल्यांचा साचा सुचवला जातो. मला तो सल्ला पटत नाही. शिक्षण, प्रकल्प, प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले काम, स्वयंसेवा हे सर्व तारखांसह उलट क्रमाने लिहिता येते आणि प्रत्येक नोंदीखाली स्वतः काय केले त्याची एखादी ओळ देता येते. जाहिरातीत मागितलेले कौशल्य ज्या प्रकल्पात वापरले असेल, तो प्रकल्प शिक्षणाच्याही वर घ्यावा.