डोक्याला मार बसल्यानंतरचा व्यायाम आणि छातीवरचा पट्टा : पोलर एच१० चार महिने वापरल्यानंतर

जुलैमध्ये पावसात माझी दुचाकी घसरली आणि डोके रस्त्यावर आपटले. डोक्यावर हेल्मेट होते, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, कुठले हाडही मोडले नव्हते. निदान झाले ते कन्कशनचे, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचे. मी ४१ वर्षांची आहे, आठवड्यातून तीनदा बॅडमिंटन खेळते आणि सुट्टीच्या दिवशी पर्वती चढते. त्यामुळे ‘पुन्हा व्यायाम कधी?’ हा माझा पहिला प्रश्न होता. ज्या दवाखान्यात आधी गेले तेथे महिनाभर पूर्ण विश्रांती घ्या, चालायलासुद्धा जाऊ नका, असे सांगण्यात आले. ते मी अकरा दिवस मनापासून पाळले. त्या अकरा दिवसांत झोप उडाली, डोके सकाळपासूनच जड राहू लागले आणि स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी छातीत धडधडायचे.

त्यानंतर एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ज्या फिजिओथेरपिस्टांकडे गेले, त्यांच्यामुळे हृदयाचे ठोके मोजणारा हा छातीवरचा पट्टा माझ्याकडे आला. खेळातील कन्कशनविषयी ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या परिषदेनंतर तज्ज्ञांनी जे सहमतीचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (म्हणजे रोजची हलकी कामे चालू ठेवून घेतलेली विश्रांती) आणि त्यानंतर हलकी हालचाल सुरू करावी असे म्हटले आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितले. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०३ किशोरवयीन खेळाडूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मोजून-मापून एरोबिक, म्हणजे हृदयाचे ठोके वाढवणारा व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्मी मुले १३ दिवसांत, तर केवळ स्ट्रेचिंग करणाऱ्यांपैकी निम्मी १७ दिवसांत बरी झाली. ती मुले होती आणि मी चाळिशी ओलांडलेली, म्हणून ते दिवस मी स्वतःला लागू करून घेतले नाहीत; पण विश्रांती हेच एकमेव औषध नाही एवढे त्यातून मला पटले.

मग फिजिओथेरपिस्टांनी ट्रेडमिलवर माझी चाचणी घेतली. वेग ताशी साधारण ५ किलोमीटर, सुरुवातीला चढ शून्य आणि नंतर दर मिनिटाला एक टक्का वाढवायचा. दर मिनिटाला ‘दहापैकी त्रास किती?’ असे विचारायचे. माझी सुरुवात दोनवर होती. त्रास पाचवर गेला तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला १३८ होते आणि तेथेच चाचणी थांबवली. त्याच्या ८० टक्के म्हणजे ११०. रोज वीस मिनिटे, ११० च्या आत, आणि त्रास दोन अंकांहून जास्त वाढला तर त्या दिवसापुरते थांबायचे. हा आकडा हाती आला त्या दिवशी, अपघातानंतर पहिल्यांदाच, मला धीर वाटला.

आता पट्ट्याविषयी. मनगटावरचे घड्याळ माझ्याकडे आधीच होते आणि नवा खर्च टाळावा असे मलाही वाटत होते. पण घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालचा रक्तप्रवाह टिपते; हात हलू लागले, मनगटावर ते सैल राहिले किंवा वेग अचानक बदलला की त्याचा आकडा मागे पडतो. दोन्ही एकाच वेळी लावून चालले तेव्हा घड्याळ ९२ दाखवत होते आणि पट्टा ११३. फिरायला जाणाऱ्याला या फरकाने काही बिघडत नाही, पण ज्याची मर्यादाच ११० आहे त्याची संध्याकाळ त्या फरकाने डोकेदुखीत जाते. पोलर एच१० हृदयाचे विद्युत संकेत थेट छातीवरून टिपतो, म्हणून चढ लागताच आकडा लगेच वर सरकतो. पर्वतीच्या पायथ्याशी हे मी अनुभवले: वीस पायऱ्या चढले नाही तोच ठोके १२८ वर गेले होते आणि डोके अजून दुखायला लागलेही नव्हते. मी खाली उतरले आणि पुढचे तीन आठवडे सोसायटीच्या आवारात सपाट जमिनीवरच चालले.

वापर सोपा आहे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रोडचे जे भाग असतात ते नळाखाली ओले करायचे, पट्टा छातीच्या खाली घट्ट बसवायचा आणि समोर सेन्सर अडकवायचा. कोरडा पट्टा लावला तर आकडे विश्वासाचे येत नाहीत. वापरून झाल्यावर सेन्सर काढून ठेवावा, नाहीतर सीआर २०२५ ही छोटी बॅटरी विनाकारण खर्च होते. पट्टा दरवेळी वाहत्या पाण्याखाली धुऊन वाळवावा. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, मी पंख्याखाली टांगत असे.

एक अडचण मात्र कन्कशनच्या रुग्णाने खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी. पट्ट्यावर पडदा नाही, आकडा मला फोनवर पाहावा लागायचा, आणि नेमका फोनचा उजेडच या आजारात सोसवत नाही. पहिले दोन आठवडे माझी मुलगी फोन हातात धरून माझ्याबरोबर चालायची आणि दर मिनिटाला सांगायची, “आई, १०४. आई, १०९, हळू हो.” घरी असे कोणी नसेल तर आकडा बोलून सांगणारे ॲप आधीच शोधून ठेवावे.

पट्ट्याची खरी मर्यादा मला सहाव्या आठवड्यात कळली. तोवर वीस मिनिटे १२५ पर्यंत सहज जमू लागले होते. म्हणजे माझ्या वयाला ढोबळ हिशेबाने जे १७९ कमाल ठोके धरतात, त्यांच्या ७० टक्क्यांपर्यंत. ॲमस्टरडॅमच्या त्याच निवेदनात खेळाकडे परतण्याच्या ज्या सहा पायऱ्या दिल्या आहेत, त्यांपैकी दुसरी येथे संपते. तिसऱ्या पायरीवर मी एकटीच रॅकेट घेऊन कोर्टवर उतरले, शटल उंच उडवले आणि त्याच्याकडे मान वर करून पाहिले, तर कोर्ट गरकन फिरले. फोनवर तेव्हा ९६ हा आकडा होता. हृदय शांत होते; गोंधळ होता तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा आणि डोळ्यांचा. त्यासाठी नजर एका अक्षरावर ठेवून मान हलवण्याचे, पेन्सिलचे टोक नाकाजवळ आणत पाहण्याचे असे वेगळे व्यायाम पाच आठवडे करावे लागले आणि त्यात पट्ट्याचा काडीचाही उपयोग नव्हता. म्हणून मी या वस्तूला पाचपैकी चार गुण देते ते केवळ एरोबिक टप्प्यासाठी. त्या टप्प्यात तिची जागा दुसरे काही घेईल असे मला वाटत नाही.

कोणी घेऊ नये, हेही स्पष्ट लिहिते. ज्याची चाचणी झालेली नाही आणि ज्याला स्वतःचा आकडा माहीत नाही, त्याने केवळ पट्टा आणून अंदाजाने पळायला सुरुवात करू नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. आणि मार लागल्यानंतर वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी (फिट) किंवा न आवरणारी गुंगी असेल तर व्यायामाचा विचारही न करता रुग्णालय गाठावे. कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, ट्रेडमिलवर त्रास झाला नाही म्हणजे मुलगा पकडीला तयार झाला असे नव्हे. अंगाला अंग भिडणारा सराव पाचव्या पायरीवर आहे आणि तिथे जाण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी लागते.

मी गेल्या महिन्यापासून पुन्हा दुहेरी खेळते आहे आणि पर्वतीही न थांबता चढते. आमच्याच इमारतीतला एक मुलगा परवा सरावात डोक्यावर पडला. त्याची चाचणी झाली आहे आणि सेन्सर सध्या त्याच्याकडे आहे. पट्टा वेगळा विकत मिळतो, तो त्याच्या आईने नवा आणला.