लॉन काढायचंय: गुत्त्यावर (ठेक्याने) द्यावं की रोजंदारीवर करून घ्यावं?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातलं हजार चौरस फुटांचं लॉन करपलं. पावसाळ्यात पुन्हा हिरवं झालं आणि आम्ही पुढची काही वर्षं त्याला पाणी पाजत राहिलो.

हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऐन वैशाखात गवताला रोज सहा मिलिमीटर धरलं, तरी हजार फुटांना साडेपाचशे लिटर लागतात. शहरात माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे चार माणसांचं पाणी रोज गवत पितं. लॉन ठेवायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता इथेच मिटला: ते काढायचं आणि तिथे कमी पाण्याची बाग करायची.

खरा प्रश्न आहे काम कुणाकडून करून घ्यायचं याचा. आम्ही दोन्ही वाटांनी गेलो.

आधी गुत्ता दिला. चौरस फुटाचा भाव ठरला, पाच दिवसांत काम संपलं. पांढरी खडी, घायपात, निवडुंग, सगळं फोटोत दाखवलं होतं तसंच. जुलैत दोन दिवस झड लागली आणि पाणी भिंतीशी साचलं. खडी बाजूला सारून पाहिली, तर खाली सलग प्लास्टिक अंथरलेलं. घायपाताचं खोड हाताने दाबलं तर बोट आत गेलं, वास सुटला. श्रावणात हरळीची पांढरी टोकं खडीतून वर आली. वर वर तासून काढलेल्या गवताच्या गाठी खालीच राहिल्या होत्या.

आपल्याकडे वाळवंटी बाग जशीच्या तशी चालत नाही. मराठवाड्यात आठ महिने कोरडे, पण वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस उरलेल्या चार महिन्यांत पडतो, आणि काळी माती ते पाणी धरून बसते. निवडुंग उन्हाने मरत नाही, चिखलाने कुजतो. म्हणून त्याला मुरूम-वाळूचा फूट-दीड फूट उंच ढिगारा हवा. खडीखाली प्लास्टिक नको. पाणी झिरपेल असं विणलेलं कापड हवं, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडी मातीत रुतते.

दुसऱ्यांदा माळीमामांना रोजंदारीवर लावलं. ते हरळी कुदळीने खणून एकेक गाठ वेचायचे. मी घाई केली तर म्हणाले, "ताई, हरळी मरत नसती, दडून बसती. उन्हाळाभर थांबा." एप्रिलमध्ये जमीन खणून, भिजवून, वर पारदर्शक पॉलिथिन ताणलं आणि कडा मातीने दाबल्या. सहा आठवडे तसंच ठेवलं. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर बोगनवेल, तरवड, अडुळसा आणि चाफा लावले. निवडुंग आणि कोरफड मात्र पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास. यात निम्मं वर्ष गेलं. मामा लग्नसराईत दहा दिवस आले नाहीत, हजेरी मलाच लिहावी लागली, आणि खर्च शेवटी किती होईल ते आधी कळलं नाही. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात एकही रोप कुजलं नाही.

तरी सगळंच काम रोजंदारीवर करा, असं मी म्हणणार नाही. हजार फुटांवर चार इंच माती काढली, तर सव्वातीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर निघते, आणि खणल्यावर ती आणखी फुगते. ती घमेल्याने उचलायला दोन माणसं लावली, तर हजेरीतच पैसे जातात. खणणं, माती ट्रॅक्टरने नेऊन टाकणं, मुरूम आणि खडी आणून पसरणं हे गुत्त्यावरच द्या. दोन इंच थराला खडी सुमारे पावणेदोन ब्रास लागते. ट्रॉली रिकामी होण्याआधी आतली खडी स्वतः मोजा. हरळीच्या गाठी वेचणं, ढिगारे रचणं आणि लागवड मात्र जाणत्या माळ्याकडून, तुमच्या डोळ्यांसमोर. ज्यांना रोज अंगणात थांबता येत नाही, त्यांनी पूर्ण गुत्ता दिला तरी चालेल, पण किती खोल खणणार, माती कोण नेणार, खडीखाली काय अंथरणार, पावसाळ्यात मेलेली रोपं कोण बदलून देणार, एवढं कागदावर घ्या. शेवटचा हप्ता पोळ्यानंतरच द्या. तोवर हरळी आणि साचलेलं पाणी दोन्ही दिसलेलं असतं.

घरात लहान मुलं असतील, तर शेर आणि कण्हेर लावू देऊ नका. शेराचा चीक डोळ्यांना फार घातक, आणि कण्हेर सगळीच विषारी. खिडक्यांच्या पश्चिमेला काळी खडीही नको. मे महिन्यात ती रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. आम्ही तिथे दोन ओळी वाळा लावलाय आणि न्हाणीचं सांडपाणी तिकडेच सोडलंय.